पिएश्त्यानी, ४ जानेवारी १९८७: रिकामा झालेला बेंच आणि न उठलेला मुलगा

परदेशात गेलेला संघ हरतो तेव्हा निदान गुणफलकावर एक आकडा तरी उरतो. कॅनडाच्या वीस वर्षांखालील आइस हॉकी संघाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. ४ जानेवारी १९८७, रविवार. चेकोस्लोव्हाकियातल्या पिएश्त्यानी गावी (आज ते स्लोव्हाकियात आहे) जागतिक ज्युनियर स्पर्धेतला त्यांचा शेवटचा सामना सोव्हिएत युनियनशी होता. दुसऱ्या सत्राची १३ मिनिटं ५३ सेकंद झाली होती. कॅनडा ४-२ ने पुढे होता, कांस्यपदक जवळजवळ गळ्यात होतं आणि सुवर्णाची आशा अजून शाबूत होती. तिथून पुढे सामना खेळलाच गेला नाही. दोन्ही संघ स्पर्धेतून बाद झाले, सामना रद्दबातल ठरला आणि कॅनडाच्या पोरांना सशस्त्र पहाऱ्यात देशाबाहेर काढण्यात आलं.

कॅनडात हे प्रकरण आजही सांगितलं जातं ते वीस मिनिटांच्या मारामारीची गोष्ट म्हणून. टोरांटोच्या आसपास, मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडे राहणाऱ्या मराठी घरांतली मुलंही आता २६ डिसेंबरपासून ही स्पर्धा टीव्हीवर बघतात, आणि कधी ना कधी तो जुना व्हिडिओ त्यांच्यासमोर येतोच. त्यात कोणी कोणाला मारलं हे दिसतं. मला मात्र या प्रकरणात पाहायचं आहे ते रिंकच्या कडेला असलेल्या बेंचकडे. तिथे मोठी माणसं उभी होती, पोरं बसली होती, आणि काही सेकंदांत जवळजवळ सगळा बेंच ओस पडला. जो एक मुलगा बसून राहिला, त्याच्याच नावाला पुढे बट्टा लागला. कोच आणि खेळाडू यांच्या नात्यात नेमकं काय मोडलं होतं, हे त्या बेंचवर जितकं उघडं पडतं तितकं दुसरीकडे कुठे पडत नाही.

बेंच म्हणजे काय

मैदानी हॉकीची सवय असलेल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. आइस हॉकीत बर्फावर एका वेळी गोलरक्षकासह सहा जण असतात. बाकीचे कमरेएवढ्या लाकडी कठड्यामागे दाटीवाटीने बसलेले असतात. खेळ इतका वेगवान असतो की साधारण मिनिटाभरात खेळाडू दमतो, म्हणून खेळ चालू असतानाच अदलाबदल होते. मागच्या अरुंद पट्टीवर कोच उभा असतो. त्याने खांद्यावर हात मारला की मुलगा कठडा ओलांडून बर्फावर. हे एका सामन्यात किती वेळा होतं याची गणती नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षापर्यंत ही हालचाल इतकी अंगवळणी पडते की विचार करायला वेळच उरत नाही.

म्हणूनच ‘बेंच रिकामा होणं’ ही या खेळातली सगळ्यात धोक्याची घटना. बर्फावरचे पाच-सहा जण एकमेकांना भिडले तर ते रेफ्री आणि लाइन्समन सोडवू शकतात. दोन्ही बाजूंचे मिळून चाळीस जण उतरले की तीन पंचांच्या हातात काहीच राहत नाही.

ही मुलं कुठून आली होती

कॅनडाची ज्युनियर हॉकी म्हणजे शाळेची हौशी टीम नव्हे. सोळाव्या वर्षी मुलगा घर सोडतो, शेकडो मैल लांबच्या गावी अनोळखी कुटुंबात राहतो, हिवाळाभर बसने गावोगाव हिंडून सामने खेळतो. बर्फावर किती मिनिटं मिळणार, दुसऱ्या संघाला देऊन टाकलं जाणार की नाही, मोठ्या क्लबांच्या निवडकर्त्यांसमोर आपलं काय चित्र जाणार, हे सगळं कोचच्या हातात. आईबाप फोनवर. अशा मुलासाठी कोच म्हणजे पालक, मालक आणि परीक्षक एकाच माणसात.

त्या अधिकाराचं टोक काय असू शकतं, हे याच संघातल्या एका खेळाडूच्या आयुष्यात दिसतं. थिओरन फ्लूरी, पाच फूट सहा इंचांचा, मॅनिटोबाच्या रसेल गावचा, त्या वेळी अठरा वर्षांचा. ग्रॅहम जेम्स या कोचने ज्युनियरच्या वर्षांत आपलं लैंगिक शोषण केलं, हे त्याने २००९ मध्ये आपल्या आत्मचरित्रात जाहीर केलं आणि पुढे जेम्सने न्यायालयात गुन्हा कबूल केला. पिएश्त्यानीच्या सामन्याच्या पाचच दिवस आधी, ३० डिसेंबर १९८६ ला, कॅनडात स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज या ज्युनियर संघाची बस रिजायनाच्या वाटेवर घसरून उलटली आणि चार खेळाडू गेले. त्या संघाचा कोच तेव्हा हाच जेम्स होता. पिएश्त्यानीच्या मारामारीशी याचा थेट संबंध मी जोडत नाही. पण त्या काळच्या ज्युनियर हॉकीत मुलाने कोचला ‘नाही’ म्हणायला जागा किती होती, हे कळायला एवढं पुरे.

पाच गोलांचा हिशेब

१९८७ च्या स्पर्धेत आठ संघ होते आणि अंतिम सामना नव्हता. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं आणि गुणांवर पदकं. कॅनडाने स्वित्झर्लंड, पोलंड, अमेरिका आणि स्वीडनला हरवलं होतं, फिनलंडशी ६-६ अशी बरोबरी झाली होती आणि यजमान चेकोस्लोव्हाकियाकडून १-५ असा मार खाल्ला होता. शेवटच्या सामन्याआधी त्यांचे ९ गुण. तेव्हा विजयाला २ गुण मिळत. म्हणजे जिंकले तर ११, फिनलंडच्या बरोबरीने. मग निकाल गोलफरकावर जाणार. फिनलंडचा फरक अधिक २२, कॅनडाचा अधिक १८. सुवर्ण हवं तर सोव्हिएतना पाच किंवा जास्त गोलांनी हरवायला हवं. त्याहून कमी फरकाने जिंकले तर रौप्य. हरले तरी कांस्य.

समोर सोव्हिएत संघ होता, पण हरवलेला. सर्गेई फेदोरोव, अलेक्झांडर मोगिल्नी, व्लादिमिर कोन्स्तान्तिनोव असे पुढे जगभर नाव काढलेले खेळाडू त्यात होते, तरी त्या वर्षी त्यांची स्पर्धा फसली होती. पदकाची आशा संपलेली. कोच व्लादिमिर वासिलेव यांच्या पोरांना या सामन्यातून मिळवायचं काही नव्हतं आणि गमावायचंही काही नव्हतं.

माझ्या मते प्रकरणाची गाठ इथेच बसते. एका संघाला गोलही हवेत आणि डोकंही थंड हवं. दुसऱ्याला दोन्हींपैकी कशाचीच गरज नाही. असा सामना चिघळला तर तोटा कोणाचा, हे सामना सुरू होण्याआधी कागदावर लिहून काढता आलं असतं.

कॅनडाचे मुख्य कोच होते बर्ट टेम्पलटन. १९७६ मध्ये हॅमिल्टन फिनकप्स संघाला मेमोरियल कप, म्हणजे कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतला सर्वोच्च चषक, त्यांनी जिंकून दिला होता. आता ते नॉर्थ बे सेंटेनियल्सचे कोच होते. त्यांचे संघ अंगावर येऊन खेळणारे, मागे न हटणारे अशी त्यांची ख्याती. कौतुक करणारेही तेच सांगत आणि नावं ठेवणारेही. सहायक कोच होते पॅट बर्न्स, क्वेबेकमधल्या हल ऑलिंपिक्सचे. कोचिंगमध्ये येण्याआधी ते पोलिसात होते. दोघंही कसलेले, अनाडी कुणी नव्हतं.

आधीचे इशारे

याच स्पर्धेत अमेरिकेविरुद्धच्या सामन्याआधी, सराव चालू असतानाच, दोन्ही संघांत जुंपली होती आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने दोन्हीकडच्या एकेका खेळाडूला बाहेर बसवलं होतं. म्हणजे या संघाला भांडण लागू शकतं हे उघड होतं, आणि भांडणाची शिक्षा किरकोळ असते असाही अर्थ पोरांनी काढला असेल तर त्यांना दोष कसा द्यायचा? दोन संघ भिडले आणि एक-एक मुलगा एक सामना मुकला. त्यातून संघाने काय शिकावं?

दुसरा इशारा पंचांच्या नेमणुकीचा. नॉर्वेचे हान्स रोनिंग यांना या सामन्यासाठी निवडलं गेलं. या पातळीवरच्या सामन्यासाठी त्यांचा अनुभव तोकडा आहे, अशी तक्रार कॅनडाच्या बाजूने होती. पहिल्या फेसऑफपासून काठ्या चालू लागल्या, कोपर बसू लागलं, आणि शिट्टी हवी तितकी वाजली नाही. फ्लूरीने सुरुवातीलाच गोल केला आणि बर्फावर गुडघ्यांवर घसरत काठीची मशिनगन करून सोव्हिएत बेंचच्या दिशेने रोखली. शीतयुद्धाच्या दिवसांत, पूर्व युरोपात, सोव्हिएत खेळाडूंसमोर. अठरा वर्षांच्या मुलाची ती मस्ती होती. पण बेंचमागे उभ्या असलेल्या माणसाने पुढच्या बदलीत त्याला शेजारी बसवून दोन शब्द सुनवायची वेळ होती ती. सुनावले की नाही, हे टीव्हीच्या चित्रात दिसत नाही. पुढचं सगळं दिसतं.

१३:५३

कॅनडाचा सॅनिपास आणि सोव्हिएत संघाचा शेस्तेरिकोव एकमेकांवर आदळले. सोव्हिएत पावेल कोस्तिच्किनने फ्लूरीवर काठी हाणली. बघता बघता बर्फावरच्या सगळ्यांच्या जोड्या लागल्या. इथपर्यंत हे त्या काळच्या हॉकीत अधूनमधून घडणारं भांडण होतं. पंचांनी वेगळे केले असते, काही जण बाहेर गेले असते, आणि उरलेल्या २६ मिनिटांत कॅनडा आणखी तीन गोलांच्या मागे लागला असता.

तेवढ्यात येवगेनी दाविदोव सोव्हिएत बेंचवरून उतरला. त्याच्यामागे बाकीचे. आणि मग कॅनडाचा बेंच.

त्या दोन-चार सेकंदांत टेम्पलटन यांच्यासमोर जो पेच होता तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. समोरचा पूर्ण संघ बर्फावर उतरलाय. तुमची पाच मुलं तिथे आहेत. तुम्ही बेंच रोखून धरलात तर त्या पाचांवर वीस जण तुटून पडतील. रोखलं नाही तर सामना गेला, पदक गेलं. कोणत्याही मुलाला विचारा, तो म्हणेल मित्र आधी. कोचलाही तसंच वाटलं असेल तर त्यात नवल नाही. ‘बसून राहायला हवं होतं’ असं दिवाणखान्यातून म्हणणाऱ्यांनी कॅनडाच्या स्तेफान रुआकडे पाहावं. त्याला दोघांनी मिळून बडवलं. कोन्स्तान्तिनोवने कॅनडाच्या ग्रेग हॉगूडला डोक्याने धडक देऊन त्याचं नाक मोडलं. हा नुसता दंगा नव्हता. मुलं खरोखर जायबंदी होत होती.

रोनिंग आणि दोन्ही लाइन्समन बर्फ सोडून निघून गेले. आयोजकांनी शेवटचा उपाय म्हणून स्टेडियमचे दिवे बंद केले. प्रेक्षक अंधारात शिट्ट्या मारत राहिले आणि पोरं अंधारात मारामारी करत राहिली. जवळजवळ वीस मिनिटं. थांबली ती दमून.

जो उठला नाही

पिएर तुर्जों तेव्हा सतरा वर्षांचा होता. क्वेबेकच्या रुआं गावचा, ग्रॅन्बी बिझन्स या ज्युनियर संघाकडून खेळणारा. त्या हंगामात लीगमध्ये त्याने ६९ गोल केले. पॅट बर्न्स यांच्या हलच्या संघाविरुद्धही तो खेळत होता, म्हणजे सहायक कोच त्याला चांगला ओळखत होते. भांडखोर मुलगा म्हणून त्याला कोणीच ओळखत नव्हतं. त्याला संघात घेतलं होतं ते त्याच्या हातातल्या कसबासाठी.

संघ उतरला तेव्हा तो बेंचवरच राहिला. सॅनिपासने पुढे सांगितलं की रुआला दोघं मारत होते, आपण मदतीसाठी बेंचकडे पाहिलं, तर तुर्जों मान खाली घालून बसलेला. हे सांगताना सॅनिपासच्या शब्दांत जराही माया नव्हती. संघातल्या इतरांच्या मनातही त्याबद्दल अढी राहिली. गोलरक्षक जिमी वेटही मारामारीपासून लांबच राहिला. आपल्यालाही बाहेर काढलं तर पुढे खेळायला गोलरक्षक उरणार नाही, असा त्याचा हिशेब होता. त्याला कोणी भेकड म्हटलं नाही. गोलरक्षकाला कारण असतं. सतरा वर्षांच्या फॉरवर्डला ते नसतं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचतं ते हे. त्या क्षणी संघाच्या हिताची गोष्ट एकच होती: बेंचवर बसून राहणं. ती केली एका मुलाने. त्याने ती विचार करून केली की घाबरून, याने काही फरक पडत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला घाबरण्याचा पूर्ण हक्क आहे. आणि नेमका तोच गद्दार ठरला. हे शक्य झालं, कारण बसून राहणं हासुद्धा संघाचा निर्णय असू शकतो असं संघात कोणाच्या डोक्यातच नव्हतं. तसा हुकूम आधी दिलेला असता तर तुर्जों हुकूम पाळणारा ठरला असता आणि बेंचवरून उतरलेले बाकीचे हुकूम मोडणारे. मुलांच्या मनात बरोबर-चूक काय, हे त्या वीस मिनिटांत ठरलं नाही. ते कॅम्पमध्ये, बसमध्ये, ड्रेसिंग रूममध्ये ठरतं, आणि तिथे शब्द कोचचा चालतो.

निकाल

महासंघाच्या प्रतिनिधींची तातडीची बैठक झाली. अध्यक्ष होते ग्युंटर सबेट्झकी. दोन्ही संघांना बाद करण्याच्या बाजूने ७, विरोधात १. विरोधातलं एकमेव मत कॅनडाच्या डेनिस मॅकडॉनल्ड यांचं. सोव्हिएत प्रतिनिधीने आपल्याच संघाला बाद करण्याच्या बाजूने मत दिलं. त्यांच्या संघाकडे गमावण्यासारखं काही नव्हतंच. फिनलंड सुवर्ण, चेकोस्लोव्हाकिया रौप्य, स्वीडन कांस्य. स्वीडनला सामन्यात हरवून कॅनडाने जे कांस्य पक्कं केलं होतं ते असं स्वीडनकडे गेलं.

शिक्षा: खेळाडूंना आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून १८ महिने बंदी, कोचना तीन वर्षं. अपिलानंतर खेळाडूंची बंदी सहा महिन्यांवर आली. कोचना जास्त आणि मुलांना कमी, हे प्रमाण मला रास्त वाटतं. पण ज्यांनी रेफ्री नेमला, ज्यांनी अमेरिकेच्या सामन्यानंतर एकेक मुलगा बसवून विषय मिटवला, त्यांना कोणी काही विचारल्याचं दिसलं नाही. तेच न्यायासनावर बसले होते.

कॅनडात त्या दिवशी सीबीसी या टीव्ही वाहिनीच्या स्टुडिओत दोन माणसं होती. निवेदक ब्रायन विल्यम्स यांनी जे घडलं ते लाजिरवाणं म्हटलं. माजी कोच आणि समालोचक डॉन चेरी मुलांच्या बाजूने उभे राहिले. देशातही असेच दोन तट पडले. टोरांटो मेपल लीफ्स या व्यावसायिक हॉकी क्लबचे मालक हॅरॉल्ड बॅलर्ड यांनी तर मुलांसाठी स्वतःच्या पैशाने सुवर्णपदकं घडवून घेतली. पोरांचं पदक हिरावलं गेलं याची कणव त्यामागे असेल, मी ती नाकारत नाही. पण त्या पदकाचा मुलांच्या मनावर उमटणारा अर्थ साधा होता: बेंच सोडलात ते बरोबर केलंत. एखाद्या मोठ्या माणसाने अमुक गोष्टीला सोनं दिलं की तिच्याविरुद्ध कोचने कितीही भाषण केलं तरी ते वाया जातं.

कोचला काय करता आलं असतं

टेम्पलटन यांच्यावर सगळं ढकलून मोकळं होणं सोपं होतं आणि बऱ्याच जणांनी ते केलं. ते राष्ट्रीय संघाबाहेर गेले, ओंटारिओच्या ज्युनियर लीगमध्ये मात्र पुढेही अनेक वर्षं राहिले. २००३ मध्ये त्यांचं निधन झालं. पिएश्त्यानीचं नाव त्यांच्या नावाला कायमचं चिकटलं, आणि ते मला अन्यायाचं वाटतं. दाविदोव उतरल्यानंतरच्या पाच सेकंदांत कुठलाही कोच हरलाच असता. त्यांची चूक त्या पाच सेकंदांत शोधू नये.

ती आधीच्या चार जागी सापडते असं मला वाटतं. पहिली, अमेरिकेच्या सामन्यानंतरची रात्र. सराव करताना भांडण झालं, एक मुलगा गमावला; आता पुढच्या वेळी काय करायचं हे तेव्हाच, नावं घेऊन, ठरवायला हवं होतं. बेंचचं दार कोणी धरायचं, समोरचा बेंच उतरला तर आपले बर्फावरचे पाच जण कुठे यायचे. याला सोपं उत्तर आहे: सगळ्यांनी आपल्या बेंचकडे यायचं, कठड्याला पाठ लावून. बर्फावरचे पाच जण बेंचजवळ आले की त्यांना वाचवायला बेंचने उतरावं लागत नाही. हे एकदा सरावात करून घेतलं असतं तर रुआवर दोघं तुटून पडले तेव्हा तो रिंकच्या मध्यात एकटा सापडला नसता.

दुसरी जागा, फ्लूरीच्या मशिनगननंतरची बदली. तिसरी, पाच गोलांचा हिशेब पोरांना कसा सांगितला जातो. ‘पाच मारा’ म्हटलं की मुलगा प्रत्येक धक्क्याचं उत्तर द्यायला जातो, कारण वेळ थोडा आहे आणि रक्त तापलंय. ‘त्यांच्याकडे गमावायला काही नाही, आपल्याकडे पदक आहे’ एवढं वाक्य बेंचवर दर बदलीला म्हटलं असतं तर हिशेब तोच राहून खेळ बदलला असता. टेम्पलटन यांनी ते म्हटलंही असेल. मग ते पोरांपर्यंत पोहोचलं नाही, आणि ते पोहोचवणं हेच कोचचं काम.

चौथी जागा तुर्जोंची, आणि ती मारामारीनंतरची आहे. परतीच्या प्रवासात संघ काय बोलत असेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. अशा वेळी कोचने सगळ्यांसमोर, मोठ्याने, एक वाक्य बोलायला हवं: हा मुलगा बसून राहिला ते योग्य होतं. ते वाक्य इतकं ठाम बोललं गेलं असतं की सगळ्यांना ते लक्षात राहिलं असतं, तर ‘मान खाली घालून बसला’ ही आठवण एवढी वर्षं फिरत राहिली नसती. कोचच्या मौनाचा अर्थ ड्रेसिंग रूममध्ये नेहमी बहुमताच्या बाजूने लावला जातो. आपल्याकडे शालेय स्पर्धांना संघ घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनाही हे ओळखीचं वाटेल: पराभवानंतर बसमध्ये चार पोरं एकाच्या मागे लागतात, सर खिडकीबाहेर बघत बसतात, आणि त्या एकाला वाटतं सरांचंही तेच मत आहे.

पुढचं

जून १९८७ च्या निवडप्रक्रियेत एनएचएल या उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधल्या बफेलो सेबर्सनी पहिल्या क्रमांकावर तुर्जोंलाच घेतलं. दुसऱ्या क्रमांकावर ब्रेंडन शॅनहन, तिसऱ्यावर ग्लेन वेस्ली; दोघंही पिएश्त्यानीच्या त्याच संघातले. म्हणजे निवडकर्त्यांनी बेंचवरच्या त्या वीस मिनिटांना फार किंमत दिली नाही. तुर्जों एनएचएलमध्ये १२९४ सामने खेळला, ५१५ गोल केले, १९९३ मध्ये सभ्य खेळासाठी दिला जाणारा लेडी बिंग चषक त्याला मिळाला. शॅनहन, फेदोरोव आणि कोन्स्तान्तिनोव १९९७ मध्ये डेट्रॉइटच्या एकाच संघातून एनएचएलचा स्टॅनली कप जिंकले. पुढे शॅनहनकडेच एनएचएलच्या खेळाडू-सुरक्षा विभागाची सूत्रं आली, आणि बर्फावरच्या दांडगाईला किती सामने शिक्षा द्यायची हे तो ठरवू लागला.

कॅनडाचा ज्युनियर संघ वर्षभराने पुन्हा स्पर्धेला गेला तो थेट मॉस्कोला. बंदी घटल्यामुळे फ्लूरी, हॉगूड, वेट असे काही जण पुन्हा संघात होते. कोच नवे, डेव्ह चेंबर्स. कर्णधार फ्लूरी. ज्या मुलाने सोव्हिएत बेंचवर काठी रोखली होती, त्यालाच त्यांच्या राजधानीत संघाची जबाबदारी दिली गेली. मला हा निर्णय फार आवडतो: मुलाला शिक्षा झाली, ती संपली, आता त्याला जबाबदार धरायचं तर जबाबदारीच द्यायची. कॅनडाने सोव्हिएतना ३-२ ने हरवलं आणि सुवर्ण जिंकलं. वेट स्पर्धेतला सर्वोत्तम गोलरक्षक ठरला.

१९८७ च्याच मे महिन्यात एनएचएलच्या माँट्रियल आणि फिलाडेल्फिया या संघांत सामन्याआधीच्या सरावात मोठी मारामारी झाली आणि त्यानंतर एनएचएलने नियम कडक केला. भांडणात भाग घ्यायला बेंच सोडणाऱ्या पहिल्या खेळाडूला आपोआप दहा सामने बंदी, आणि त्याच्या कोचवरही कारवाई होऊ शकते. त्यानंतर बेंच रिकामे होणं जवळजवळ थांबलं. समोरचा उतरला तरी आपण बसायचं, कारण उतरणाऱ्याचा हिशेब आता ठरलेला होता. पिएश्त्यानीत तुर्जोंने केलं तेच आता प्रत्येक बेंचवरच्या प्रत्येक मुलाकडून अपेक्षित आहे, आणि त्यासाठी कोणी त्याला नावं ठेवत नाही.